वॉशिंग मशीनच्या ड्रमखाली अडकलेली नाणी टब न उघडता काढता येतात का?

आपल्या प्रश्नावरून एवढे कळते, की मशीन फ्रंट लोड आहे, मुलाच्या पँटच्या खिशातली तीन-चार नाणी धुण्यात गेली, तेव्हापासून कपडे पिळताना खडखडाट होतो आणि मेकॅनिकने आख्खा टब उघडावा लागेल असे सांगितले आहे. घरातली आणि शेजारपाजारची अशी यंत्रे मी उघडत आलो आहे आणि माझे मत असे आहे, की नाण्यासाठी टब उघडण्याची वेळ क्वचितच येते. त्यातून अनेक मॉडेलांत टबाचे दोन अर्ध एकमेकांना कायमचे जोडलेले असतात, तिथे ‘टब उघडणे’ म्हणजे प्रत्यक्षात टब बदलणे होय. तेव्हा होकार देण्याआधी नाणे नेमके कुठे आहे हे ठरवावे.

ड्रमची भोके नाण्यापेक्षा पुष्कळ लहान असतात, त्यामुळे नाणे त्यांतून खाली जात नाही. ते जाते पुढून, ड्रमची कड आणि दरवाजाभोवतीचे करडे रबर यांच्यामधल्या फटीतून. तिथून ते स्टीलचा ड्रम आणि त्याभोवतीचा प्लॅस्टिकचा टब यांच्यामधल्या पोकळीत पडते व तळाशी जाऊन बसते. तळातून एक जाड रबरी नळी पंपाकडे जाते. म्हणजे शोधण्याजोग्या मुख्य जागा चार उरतात: रबराची घडी, टबाचा तळ, ती नळी आणि पंपाचा फिल्टर.

मशीनचा प्लग काढून ड्रम हाताने सावकाश फिरवून पाहावा. खालून, साधारण एकाच जागी किणकिणल्यासारखा किंवा घासल्यासारखा आवाज आला, तर नाणे टबाच्या तळाशी आहे. आवाज ड्रमबरोबर वर जाऊन घरंगळत खाली येत असेल, तर ते कपडे उचलणाऱ्या प्लॅस्टिकच्या उंचवट्यात शिरलेले असू शकते. हाताने फिरवताना काहीच वाजत नाही, पण पाणी बाहेर जाताना पंप कडकडतो, असे असेल तर नाणे पंपापाशी पोहोचले आहे. वेग वाढेल तशी वाढत जाणारी सलग घरघर मात्र नाण्याची नसते, ती बहुधा बेअरिंगची असते.

नाणे निघेपर्यंत मशीनमध्ये कपडे पिळू नयेत. ड्रमचा व्यास सुमारे ४८ सेंटिमीटर धरला, तर मिनिटाला १२०० फेऱ्यांच्या वेगात त्याची कड ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने जात असते, आणि तिच्याखाली नाणे आडवे-उभे झाले तर प्लॅस्टिकच्या टबाला भोक पडू शकते.

सुरुवात रबराच्या घडीपासून करावी. घडी बोटांनी उलगडून खालच्या भागात चाचपावे. तिथे नाणी, केसांच्या पिना, बटणे असा ऐवज निघतो आणि कधी काम तेवढ्यावरच भागते. त्यानंतर फिल्टर. बहुतेक मशीनांत पुढे खाली, उजव्या कोपऱ्यात, एक छोटे झाकण असते. गरम पाण्याची धुलाई नुकतीच झाली असेल तर पाणी निवू द्यावे. झाकणाआड बारीक नळी असल्यास तिचे बूच काढून पाणी आधी पसरट ताटात घ्यावे. नळी नसेल तर जुना टॉवेल अंथरून फिल्टर घड्याळाच्या उलट दिशेने अगदी थोडा थोडा सैल करावा, कारण तो एकदम काढला तर टबात उरलेले सगळे पाणी जमिनीवर येते. फिल्टर बाहेर आला, की आत टॉर्च मारावा. आतल्या पोकळीत पंपाचा छोटा पंखा दिसतो. त्याच्या पात्यांत नाणे अडकलेले असेल तर ते चिमट्याने काढावे आणि पंखा बोटाने फिरवून पाहावा. तो सरळ न फिरता अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरतो. आतल्या चुंबकामुळे तसे होणे स्वाभाविक आहे, त्यामुळे पंप बिघडला असे समजू नये. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत इथे क्षार आणि धाग्यांचा घट्ट लगदाही सापडतो, तोही साफ करावा.

फिल्टरमध्ये काही मिळाले नाही, तर पुढचा मार्ग हीटरचा आहे, आणि टबाच्या तळाशी अडकलेल्या नाण्यांसाठी तोच सर्वांत उपयोगी. पाणी तापवणारा हीटर टबाच्या तळाशी आडवा असतो. पुष्कळ मॉडेलांत तो मागचा पत्रा काढल्यावर दिसतो, काहींत पुढून आहे. प्लग काढलेला असल्याची पुन्हा खात्री करून, वायरींचा फोटो घेऊन मगच त्या सोडवाव्यात. हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर विशेष ध्यानात ठेवावी. हीटरच्या मध्यभागी एक नट असतो. तो पूर्ण न काढता टोकापर्यंत सैल करून बोल्ट हलकेच आत ढकलला, की हीटरभोवतीच्या रबराची पकड सुटते आणि हीटर सरळ बाहेर ओढता येतो. आता जी आडवी खाच मोकळी होते तिच्यातून टबाचा तळ दिसतो आणि नाणेही निघू शकते. दुसऱ्या कोणी ड्रम हळूहळू फिरवला तर नाणे खाचेकडे सरकते, मग ते वाकवलेल्या जाड तारेने ओढून घ्यावे.

चुंबकाच्या काठीवर फार विसंबू नये. अलीकडची १ आणि २ रुपयांची नाणी फेरिटिक स्टीलची आहेत, ती चुंबकाला चिकटतात. ५ रुपयांचे पिवळे नाणे निकेल-ब्रासचे, ते चिकटत नाही. शिवाय काही मशीनांचा ड्रमच चुंबकाला धरतो, आणि मग काठी नाण्याऐवजी ड्रमशीच झटापट करत बसते.

हीटर परत बसवताना घाई करू नये. रबराला भांडी घासायच्या लिक्विडचा पुसट हात लावला, की ते सहज आत जाते. हीटरचे आतले टोक टबातल्या पट्टीत बसले पाहिजे, नाहीतर तो ड्रमला लागतो. नट आवळून वायरी फोटोप्रमाणे लावाव्यात, पत्रा बसवावा, कपडे न घालता फक्त खंगाळण्याचा छोटा प्रोग्रॅम चालवावा आणि मशीनखाली कोरडा कागद सरकवून गळती आहे का ते पाहावे.

नाणे जाड नळीत अडकले असेल, तर नळीची क्लिप पकडीने सोडवून ते काढता येते, पण त्यासाठी मशीन मागे कलवावे लागते. आत काँक्रीटची किंवा बिडाची वजने असल्याने फ्रंट लोड मशीन साधारण ६०-७० किलो भरते, म्हणून हे एकट्याने करू नये. काही मशीनांत या नळीत एक प्लॅस्टिकचा चेंडू असतो; तो मशीनचाच भाग आहे, जिथे होता तिथेच परत ठेवावा.

मशीन वॉरंटीत असेल किंवा वायरींना हात लावण्याची आपल्याला सवय नसेल, तर रबर आणि फिल्टर एवढे स्वतः पाहून पुढचे काम मेकॅनिककडे द्यावे. अशा अडकलेल्या वस्तूंचे काम सहसा वॉरंटीत धरत नाहीत, त्यामुळे बोलावतानाच फोनवर विचारावे, की हीटर काढून त्या खाचेतून नाणी काढून द्याल का आणि त्याचे किती घ्याल. त्यावरही टब उघडावाच लागेल असे उत्तर आले, तर दुसऱ्या मेकॅनिकला फोन लावावा.