नर्सरीतून ‘विपिंग विलो’ म्हणून आणलेलं झाड खरंच विलो आहे का, कसं ओळखायचं?

फांद्या लोंबतात एवढ्यावर गंगापूर रोडच्या अंगणातलं तुमचं झाड विलो ठरत नाही. नाशिकमध्ये असं झाड म्हटलं की मला आधी लोंबत्या बॉटलब्रशचा संशय येतो. त्यालाही लोक सर्रास विलो म्हणतात.

लाल ब्रशसारख्या फुलांची वाट बघत बसू नका, पान तोडा. बॉटलब्रशचं पान कडक, जेमतेम 3 ते 7 मिलिमीटर रुंद, कडेला दाते नाहीत. उजेडाकडे धरलं की तेलाचे बारीक ठिपके दिसतात आणि चुरगळलं की वास येतो. शेवटी निलगिरीच्याच कुळातलं झाड ते. जुन्या फांदीवर मण्यांसारखी लाकडी बोंडं चिकटलेली असली, तर विषय तिथेच संपला.

विलोचं पान मऊ, 8 ते 15 सेंटिमीटर लांब, एक-दीड सेंटिमीटर रुंद, टोकाला निमुळतं. कडेवरून नख फिरवलं की बारीक दाते लागतात. मागची बाजू फिकट राखाडी, वास हिरव्या पाल्याचा, बाकी काही नाही. पानं एकाआड एक.

पक्की खूण मात्र कळीत. पानाच्या बेचक्यातली कळी डहाळीला चपटी चिकटलेली असते आणि तिच्यावर खवल्यांची उतरंड नसते, एकच टोपी असते. नखाने ढकलली तर ही टोपी अख्खी निघून येते.

आता खरी गोम. आपला वाळुंजही विलोच्याच वंशातला, ओढ्याकाठी वाढणारा, त्यामुळे कळीची खूण त्यालाही लागू पडते. पण त्याचं पान रुंद असतं आणि फांद्या पडद्यासारख्या जमिनीपर्यंत उतरत नाहीत. खोडालगत फांद्या दुमडलेला, चकचकीत लाटदार पानांचा उंच अशोक तर लांबूनच ओळखू येतो.

पडताळा हवा तर पेन्सिलीएवढी जाड, वीतभर ताजी फांदी पाण्यात ठेवा, पाणी दिवसाआड बदला, नाहीतर उन्हाळ्यात ते नासतं आणि फांदी कुजते. विलोला साधारण दोन-तीन आठवड्यांत पांढरी मुळं फुटतात. बॉटलब्रशला नुसत्या पाण्यात सहसा नाही.

विलोच निघाला तर ड्रेनेजच्या पाइपजवळ लावू नका, मुळं ओलाव्याकडे धावतात आणि सांध्यातून आत शिरतात. तरीही घोळ राहिला तर कळीचा आणि पानाच्या मागच्या बाजूचा जवळून फोटो टाका. अख्ख्या झाडाच्या फोटोवरून काही ठरत नाही.