नवऱ्याचे आजोबा दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्यात होते. त्यांची युद्धातली माहिती आणि मूळ गाव कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की आजोबा १९५० नंतर जर्मनीहून अमेरिकेत आले, 'युद्धात होते' यापलीकडे घरात कोणी बोलत नाही, आणि गावाचं नाव तीन जण तीन सांगतात. मीही याच वाटेने गेलेय. माझे आजेसासरे, घरात सगळे त्यांना 'ओपा' म्हणायचे, १९५२ साली ब्रेमरहाफेनहून बोटीने आले आणि मिलवॉकीत लेथ मशीनवर त्यांचं आयुष्य गेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा ते हयात नव्हते. मला पुण्यात शिकलेलं जर्मन येत होतं, म्हणून हे काम आपोआप सुनेच्या गळ्यात पडलं.

सुरुवात युद्धापासून करू नका, गावापासून करा. मी उलटं केलं आणि वर्ष फुकट घालवलं. नाव आणि 'श्टेटिनचे' एवढ्यावरच जर्मनीला अर्ज ठोकला. आमचं आडनाव तिकडे म्हणजे आपल्याकडचं जाधव. पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव, या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय तिथल्या सैनिकांच्या नोंदकार्डांच्या समुद्रात माणूस हाती लागत नाही. उत्तर आलं ते एवढंच, की नेमका जन्मतपशील कळवा.

तो तपशील अमेरिकेतच होता. १९४४ पासून आलेल्या स्थलांतरितांची 'ए-फाइल' असते. ती यूएससीआयएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या स्थलांतर खात्याकडे, माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. जन्माला शंभर वर्षं उलटली असतील तर फाइल नॅशनल अर्काइव्ह्जच्या कॅन्सस सिटी शाखेत गेलेली असू शकते. व्हिसाचा अर्ज, फोटो, कधी कधी जन्मदाखल्याची प्रत असं बरंच त्यात निघतं. ओपांच्या फाइलीत जन्मगाव श्टेटिन नव्हतंच, नॉयश्टेटिन होतं. ही दोन वेगळी शहरं, एकमेकांपासून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर. दोन्ही आज पोलंडमध्ये आहेत: मोठं ते श्चेचिन, दुसरं श्चेचिनेक, म्हणजे धाकटं श्चेचिन. घरातल्यांनी साठ वर्षं धाकट्याला थोरलं करून टाकलं होतं.

पण नॉयश्टेटिन हेही तालुक्याचं ठिकाण निघालं. खरं गाव सापडलं बिस्किटांच्या डब्यात. आत्त्यासासूबाईंकडे एक पत्र्याचा डबा होता, त्यात ओपांच्या आईची चार पत्रं. मी ऐटीत पहिलं उघडलं आणि एक शब्द लागेना. जर्मन जर्मनच, पण लिपी जुनी, कुरेंट वळणाची. त्यातला 'ई' आपल्या ओळखीच्या 'एन'सारखा दिसतो, आणि 'यू' वेगळा ओळखू यावा म्हणून त्याच्या डोक्यावर एक चंद्रकोर काढतात. माझ्या माहेरी आजोबांचं मोडीतलं खरेदीखत आहे, कोणालाच वाचता न येणारं. तेच इथे. १९४१ साली नाझी सरकारनेच ही वळणं बंद केली आणि पुढच्या पिढ्यांना ती परकी झाली. अक्षरतक्ता समोर ठेवून मी दोन महिने गिरवत बसले. पत्रांत डुकराचा भाव, शेजारणीचा दमा, 'मोजे मिळाले का'. पण पाकिटाच्या मागे पाठवणाऱ्याचा पत्ता होता: ग्रोस क्युडे.

ग्रोस म्हणजे मोठं. जवळच क्लाइन क्युडे, लहान. आपलं बुद्रुक आणि खुर्द! पोलिश लोकांनी नावं बदलली तरी ही जोडी मोडली नाही: ग्व्दा व्येल्का आणि ग्व्दा मावा. नुसतं क्युडे म्हणून शोधलं असतं तर मी खुर्दात जाऊन बसले असते. गावाचं जुनं नाव कोणत्या तालुक्यात, कोणत्या नोंदणी कार्यालयाखाली येत होतं हे बघायला १९१२ सालचा मायर्स गॅझेटियर इंटरनेटवर फुकट आहे. तो आधी उघडा.

आता सैन्याकडे. बर्लिनमध्ये ऑगस्ट १९३९ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू व्हायच्या काही दिवस आधी, मृत, जखमी आणि युद्धकैदी सैनिकांची नोंद ठेवणारं कार्यालय उघडलं गेलं. जुने लोक त्याला अजून 'वास्ट' म्हणतात. तिथे सुमारे १ कोटी ८० लाख माणसांची कार्डं आहेत. १ जानेवारी २०१९ पासून हे सगळं बुंडेसअर्काइव्हमध्ये, म्हणजे जर्मन राष्ट्रीय अभिलेखागारात, विलीन झालंय. अर्ज तिथेच करायचा. माणूस जाऊन दहा वर्षं झाली असतील तर अडचण येत नाही. मृत्यूचा दाखला आणि नातं दाखवणारे कागद तरी जोडा. महिनोन्महिने थांबायची तयारी ठेवा.

येतं काय, तर दोन पानं. कथा नाही, तक्ता. बिल्ल्यावरचा मजकूर, कोणत्या तारखेला कोणत्या तुकडीत, कोणत्या इस्पितळात, कधी कैद. जर्मन सैनिकाच्या गळ्यातल्या बिल्ल्यावर नाव नसायचं, तुकडी आणि क्रमांक असायचा. अंडाकृती, मधोमध छिद्रांची रेघ. माणूस पडला की अर्धा तोडून पाठवायचा, अर्धा देहाबरोबर ठेवायचा. त्यामुळे तुमच्या घरी अख्खा बिल्ला असेल तर त्याचा फोटो अर्जाला जोडा, काम सोपं होतं. वर्दीतला फोटो असेल तर तोही जपा, पण खांद्यावरच्या पट्टीच्या किनारीवरून शाखा ओळखायच्या फंदात पडू नका. पायदळाची पांढरी, तोफखान्याची लाल, रणगाडेवाल्यांची गुलाबी, हे खरं. कृष्णधवल फोटोत सगळीच राखाडी.

आमच्या तक्त्यात एक ओळ होती जिच्यावर सासरे बराच वेळ बोट ठेवून बसले. मे १९४३, ट्युनिशियात पकडले गेले. त्याखाली: अमेरिकेच्या ताब्यात, टेक्सास. म्हणजे ओपा अमेरिकेत पहिल्यांदा आले ते १९५२ साली नव्हे, त्याच्या नऊ वर्षं आधी, कैदी म्हणून! युद्धात जवळपास चार लाख जर्मन कैदी अमेरिकेत आणले होते, त्यातल्या पुष्कळांनी शेतावर राबून दिवसाला ८० सेंट मिळवले, तेही छावणीच्या कँटीनमध्ये चालणाऱ्या कुपनांत. सासरे म्हणाले, 'तरीच! आल्या दिवसापासून बाबांचं इंग्लिश टेक्सासच्या हेलाचं होतं, आई त्यांना चिडवायची.' मुलाला हे सत्तराव्या वर्षी कळलं. युद्ध संपल्यावरही सुटका नाही. १९४६ मध्ये बोटीत बसवलं ते उतरवलं इंग्लंडमध्ये, आणि तिथे आणखी दोन वर्षं काम. असं अनेकांचं झालं. (पश्चिमी देशांनी त्यांच्याकडचे कैद्यांचे कागद पुढे जर्मनीला सोपवले, म्हणून ते बर्लिनमध्येच मिळतात. वॉशिंग्टनमध्ये मी उगाच खेटे घातले.)

तुकडीचं नाव कळलं की ती तुकडी कुठे काय करत होती हे फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारातल्या युद्धदैनंदिन्यांत बघता येतं. आणि एक अर्ज वेगळा करा, जो घरच्यांना आवडणार नाही: नाझी पक्षाच्या सदस्यपत्रांचा. ही कार्डं १९४५ मध्ये म्युनिकजवळच्या कागद गिरणीत लगदा करायला पाठवली होती, गिरणीमालकाने ती नष्ट केली नाहीत म्हणून वाचली. आत्त्यासासूबाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. ओपांचं कार्ड मिळालं नाही. सगळी कार्डं वाचलेली नाहीत, त्यामुळे यावरून 'ते नव्हतेच' असं मी म्हणत नाही. त्यांना मात्र मी एवढंच सांगितलं की मिळालं नाही. तक्त्यावरून माणूस कुठे होता ते कळतं. तिथे त्याने काय केलं, हे त्या दोन पानांत नाही. ते सासऱ्यांना समजावणं मला सगळ्यांत जड गेलं.

त्यामागच्या पिढ्यांचं थोडक्यात सांगते. प्रशियात, म्हणजे आमचं गाव ज्यात होतं त्या जुन्या जर्मन राज्यात, नागरी जन्म-मृत्यू नोंदणी १ ऑक्टोबर १८७४ ला सुरू झाली, त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. तुमचं गाव आजच्या जर्मनीत असेल तर प्रोटेस्टंट वह्यांसाठी 'आर्किऑन' आणि कॅथलिक वह्यांसाठी 'मात्रिकुला' ही संकेतस्थळं बघा. आमच्यासारखं पोलंडमध्ये गेलं असेल तर पोलिश सरकारी अभिलेखागारात. श्चेचिनेकमध्येच त्यांची शाखा आहे आणि बऱ्याच वह्यांची छायाचित्रं ऑनलाइन आहेत. पणजोबा पहिल्या महायुद्धात असतील तर एक वाईट बातमी: प्रशियन सैन्याचे कागद एप्रिल १९४५ मध्ये पॉट्सडामवरच्या बॉम्बहल्ल्यात जळाले. बव्हेरियाचे म्युनिकमध्ये शाबूत आहेत. प्रशियन सैनिकासाठी छापील हानी-याद्या, म्हणजे मृत, जखमी आणि बेपत्ता सैनिकांच्या याद्या, उरतात, स्वयंसेवकांनी त्यांची सूची केलीय. ओपांचे वडील मला तिथेच सापडले: 'किरकोळ जखमी', आणि पुढे गाव, ग्रोस क्युडे.

तुमच्या सासरी पत्रं असतील तर आज रात्रीच फोटो काढून घ्या. आणि पाकिटं फेकू नका, मागची बाजू आधी बघा.