मांजराने तुमची व्हिटॅमिनची गोळी गिळली तर

आधी पाकीट शोधा. किती गोळ्या होत्या, किती उरल्या, सोफ्याखाली किती सांडल्या, सगळं मोजा. वेळ लिहून ठेवा. मांजराचं वजन माहीत नसेल तर त्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा. लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावा.

घरी उलटी करवू नका. मीठ पाजलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक वाढू शकतं, हायड्रोजन पेरॉक्साइडने मांजराच्या पोटाला जखमा होऊ शकतात. डॉक्टर त्यासाठी इंजेक्शन देतात, पण ते पहिल्या एक-दोन तासांतच उपयोगी पडतं.

आपल्याकडे सर्वांत जास्त धोका आठवड्यातून एकदा घ्यायच्या व्हिटॅमिन डी३चा. त्या एका कॅप्सूलमध्ये ६०,००० युनिट असतात. ४ किलोच्या मांजराला ते किलोमागे १५,००० पडतात, म्हणजे थेट विषबाधाच. फसगत अशी होते, की पहिल्या दिवशी मांजर ठणठणीत दिसतं. रक्तातलं कॅल्शियम हळूहळू चढतं, मग मांजर खाणं सोडतं, सारखं पाणी पितं, उलट्या करतं. तोवर मूत्रपिंडांना इजा सुरू झालेली असते. म्हणून लक्षणांची वाट पाहू नका. रक्तातलं कॅल्शियम, फॉस्फरस आणि मूत्रपिंडांचं काम दाखवणारं क्रिएटिनिन त्याच दिवशी तपासून घ्या आणि पुढचे काही दिवस पुन्हा पुन्हा.

विष शोषून घ्यायला डॉक्टर देतात ती कोळशाची पावडर (ॲक्टिव्हेटेड चारकोल) लोहाच्या गोळीवर चालत नाही, लोह तिला चिकटतच नाही. मधुमेहींच्या नसांसाठीच्या गोळ्यांत अल्फा लिपोइक आम्ल असेल तर एक मिनिटही घालवू नका. कुत्र्यापेक्षा मांजराला ते कितीतरी कमी मात्रेत बाधतं.