सकाळी पोर्क, संध्याकाळी नूडल्स

प्रश्न : ताई, नवीन स्लो कुकर घेतलाय. सकाळी ऑफिसला जाताना त्यात पोर्कचे तुकडे, सोया सॉस, पाणी, भाज्या आणि कोरडे नूडल्स असं सगळं एकदमच टाकलं आणि लो वर आठ तास ठेवलं. संध्याकाळी झाकण उघडलं तर नूडल्सची पार खळ झालेली आणि पोर्क मात्र कोरडं, चघळत बसावं लागेल असं. पोर्क चांगलं महागातलं, अजिबात चरबी नसलेलं लॉइन आणलं होतं. सोपी, खात्रीची पद्धत सांगाल का?

तुमचा कुकर चांगलाय आणि पोर्कचा भाग सोडला तर साहित्यही बरोबर आहे, फक्त पोर्कला लागणारा वेळ आणि नूडल्सला लागणारा वेळ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तुम्ही दोघांना एकाच वेळी आत बसवलंत. नूडल्स म्हणजे मुख्यतः स्टार्च, गरम पाण्यात तो काही मिनिटांत फुगतो आणि शिजतो, त्यानंतरही तो पाण्यातच राहिला की फुटून सगळ्या रश्श्यात पसरतो, मग आठ तासांनी खळच मिळणार. त्यामुळे एक गोष्ट पक्की करून टाका, नूडल्स सकाळी कुकरमध्ये जात नाहीत, ते जेवायच्या आधी.

आता पोर्क. लॉइन म्हणजे पाठीचा भाग, त्यात चरबी कमी आणि मांस जोडून ठेवणारं चिवट प्रथिन म्हणजे कोलॅजेनही कमी, तो भाग पटकन तव्यावर करायला छान पण तासन्‌तास शिजवला की त्याचे तंतू आवळतात, आतलं पाणी बाहेर ढकलतात आणि ते भरून काढायला आत दुसरं काहीच नसतं. खांद्याचा भाग, म्हणजे पोर्क शोल्डर, याच्या बरोब्बर उलटा. त्यात कोलॅजेन भरपूर असतं, ते साधारण 70 अंश सेल्सियसच्या पुढे हळूहळू विरघळायला लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं, तेच मांसाला आतून मऊ, रसरशीत ठेवतं आणि रश्श्याला अंगचा दाटपणा देतं. याला घाई चालत नाही, तास लागतात, आणि स्लो कुकर नेमका त्याच कामाचा आहे. शोल्डर लॉइनपेक्षा सहसा स्वस्तही असतं, त्यामुळे इथे जास्त पैसे मोजून काही मिळत नाही.

पाच-सहा जणांसाठी असं करा. बिनहाडाचं शोल्डर एक किलो, साधारण दोन इंचाचे मोठे तुकडे, फार बारीक नकोत. वरची जाड चरबी कापून टाका पण आतली पांढरी रेघ-रेघ राहू द्या. कुकरच्या तळाशी एक मोठा कांदा जाड चिरून आणि दोन गाजरं, त्यावर पोर्क. (गाजरं तळाशीच ठेवा हं, कडक कंदभाज्या स्लो कुकरमध्ये मांसापेक्षाही सावकाश शिजतात आणि वर तरंगत राहिल्या तर कच्च्या लागतात.) मग एका वाटीत पाव कप सोया सॉस, दोन मोठे चमचे ब्राऊन शुगर, ठेचलेला सहा-सात पाकळ्या लसूण, इंचभर आल्याचा कीस, अर्धा चमचा मिरपूड आणि एक कप पाणी किंवा बिनमिठाचा स्टॉक असं ढवळून वरून ओता, एक चक्रीफूल आणि दालचिनीचा छोटा तुकडा टाका, चक्रीफूल एकच, दोन टाकलीत तर आठ तासांत बाकी सगळ्या चवी त्याखाली दबतील. मीठ आत्ता अजिबात नाही. झाकण लावा, लो वर सात ते आठ तास किंवा हाय वर चार ते पाच. माझं मत विचाराल तर शोल्डरला लोच द्या.

संध्याकाळी पोर्कमध्ये काटा घालून फिरवला की तुकडा आपोआप सुटला पाहिजे. नाही सुटला तर ते जास्त शिजलेलं नसून कमी शिजलंय, अजून अर्धा-पाऊण तास द्या. झालं की चक्रीफूल आणि दालचिनी काढून टाका, पोर्क ताटलीत काढून दोन काट्यांनी जाडसर सुटं करा, रश्श्यावर आलेली चरबी डावाने काढून घ्या. एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून रश्श्यात घाला, कुकर हाय वर करा, बारीक चिरलेला कोबी किंवा पालेभाजी असेल तर तीही आत्ताच, आणि पंधरा-वीस मिनिटं झाकण. तेवढ्या वेळात गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी उकळून 300 ग्रॅम नूडल्स पाकिटावरच्या वेळेपेक्षा मिनिटभर कमी शिजवून निथळून घ्या. मग पोर्क परत रश्श्यात, एक मोठा चमचा व्हिनेगर, चमचाभर तिळाचं तेल, वरून नूडल्स, हलक्या हाताने एकत्र करा आणि लगेच वाढा. व्हिनेगर शेवटीच घाला, इतक्या वेळच्या गोड-खारट आणि चरबीच्या चवीला त्या आंबटपणानेच उठाव येतो, मला तर त्याशिवाय हा पदार्थ अर्धवट वाटतो.

प्रश्न : नूडल्स वेगळे उकळायचे म्हणजे अजून एक पातेलं घासायला. कुकरमध्येच शेवटी टाकले तर नाही का चालणार?

चालतात. शेवटची वीस मिनिटं राहिली की कुकर हाय वर करा, दीड-दोन कप उकळतं पाणी वाढवा, नूडल्स रश्श्यात पूर्ण बुडवा आणि मध्ये एकदा ढवळा नाहीतर त्यांचा गठ्ठा होतो. असं करणार असाल तर कॉर्नफ्लोअर घालूच नका, नूडल्सच्या स्टार्चनेच रस्सा दाटतो. फक्त शिजल्याबरोबर वाढायचं, घरात एक जण सातला आणि एक जण नऊला जेवणार असेल तर पातेलं घासलेलंच परवडतं. तांदळाचे बारीक नूडल्स असतील तर ते उकळूही नका, गरम पाण्यात भिजवून मऊ करा आणि वाढताना मिसळा.

प्रश्न : सगळीकडे लिहिलेलं असतं की पोर्क आधी तव्यावर खरपूस परतून घ्या म्हणजे रस आत कोंडला जातो. सकाळच्या घाईत हे खरंच गरजेचं आहे का?

रस कोंडला जातो हे खरं नाही, परतलेल्या मांसातूनही पाणी निघतंच. परतण्याचा फायदा चवीचा आहे. मांस तपकिरी होऊन जो खमंगपणा येतो तो साधारण 140 अंशांच्या पुढे चांगला येतो आणि स्लो कुकरमध्ये पाणी असल्यामुळे तो 100 च्या वर जाऊच शकत नाही, त्यामुळे तो खमंगपणा हवा तर तव्यावरच मिळणार. रविवारी वेळ असेल तेव्हा जरूर परता, तव्याला चिकटलेलं पाण्याने सोडवून तेही कुकरमध्ये घाला. कामाच्या दिवशी सोडून द्या, या रेसिपीत सोया सॉस, साखर, लसूण एवढं आहे की जेवण तरीही उत्तमच होतं. एक मात्र करू नका, आदल्या रात्री अर्धवट परतून फ्रिजमध्ये ठेवणं. अर्धवट गरम झालेलं मांस म्हणजे जंतूंना वाढायला मोकळं रान. परतायचं तर कुकरमध्ये टाकायच्या लगेच आधी.

प्रश्न : पोर्कमध्ये जंत असतात म्हणून सासूबाई घरात आणू देत नाहीत. इतक्या मंद आचेवर ते मरतात का?

सासूबाईंची भीती उगाचची नाही, कच्च्या किंवा अर्धकच्च्या पोर्कमधून ट्रायकिनेला आणि टेपवर्मसारखे जंत माणसाच्या पोटात जाऊ शकतात. पण नीट शिजवलेल्या पोर्कमध्ये ते जगत नाहीत. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा आहे की अख्ख्या तुकड्यांचं पोर्क आतून 63 अंश सेल्सियसपर्यंत जाऊ द्यावं आणि मग तीन मिनिटं तसंच ठेवावं, खिमा असेल तर 71 अंश. स्लो कुकरमधलं शोल्डर काट्याने सुटायला लागतं तेव्हा ते आतून 90 च्या आसपास असतं, म्हणजे कितीतरी पुढे. लो आणि हाय दोन्ही शेवटी उकळीच्या जवळच पोचतात, फरक असतो तो तिथे पोचायला लागणाऱ्या वेळाचा. सासूबाईंना थर्मामीटर तुकड्यात खुपसून आकडा दाखवा, अशा गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या की पटतात.

खरी काळजी घ्यायची ती सुरुवातीच्या तासांत. 4 ते 60 अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून मांसाने तो टप्पा लवकर पार करायला हवा. फ्रीझरमधलं गोठलेलं पोर्क तसंच्या तसं कधीच टाकू नका, आदल्या दिवशी फ्रिजमध्ये खाली काढून ठेवा. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त आणि दोन तृतीयांशापेक्षा कमी भरा. आणि मधेमधे झाकण उघडून बघू नका, एकदा उघडलं की साठलेली वाफ जाते आणि वीसेक मिनिटं वाढतात.

प्रश्न : माझा रस्सा नेहमी पाण्यासारखा होतो आणि खारटही. रेसिपी तर गॅसवरचीच वापरते.

तिथेच गडबड होतेय. गॅसवर पाणी आटतं, स्लो कुकरमध्ये झाकणाला लागलेली वाफ परत आत पडते, वर मांस आणि कांदा स्वतःचं पाणी सोडतात. गॅसच्या रेसिपीतलं पाणी निम्म्यावर आणा, पोर्क पूर्ण बुडायची गरज नाही. आता झालाच आहे पातळ तर कॉर्नफ्लोअर, किंवा रस्सा पातेल्यात घेऊन आटवा, पण आटवला की खारटपणा वाढतो म्हणून चव त्यानंतर बघा. मोठा चमचाभर सोया सॉसमध्ये साधारण 900 मिलीग्रॅम सोडियम असतं, त्यामुळे कमी मिठाचा सोया सॉस घ्या आणि वरून मीठ शेवटी, लागलं तरच. आधीच खारट झाला असेल तर बिनमिठाचे जास्त नूडल्स आणि थोडं गरम पाणी, बटाट्याचा तुकडा टाकून मीठ शोषलं जाईल यावर विसंबू नका.

प्रश्न : सकाळी वेळच नसतो, रात्रीच भांडं भरून फ्रिजमध्ये ठेवलं तर? आणि आम्ही नसताना लाईट गेली तर?

चिरणं, मसाला कालवणं रात्री करा, पण मांस एका डब्यात, भाज्या दुसऱ्या डब्यात. सिरॅमिकचं भांडंच फ्रिजमध्ये ठेवलं तर सकाळी ते तापायला फार वेळ घेतं आणि गार भांडं एकदम तापलं की तडकूही शकतं. बाहेर दहा तास जात असतील तर असा कुकर घ्या जो वेळ झाली की आपोआप वॉर्म वर जातो, वॉर्म वर शिजलेलं गरम राहतं, कच्चं शिजत नाही.

लाईट गेली तेव्हा घरी असाल तर सरळ पातेल्यात काढून गॅसवर शिजवा. घरी नसाल आणि परत आल्यावर किती वेळ गेली होती कळत नसेल तर ते टाकून द्या, दिसायला कितीही शिजलेलं असलं तरी. किलोभर पोर्क टाकताना जीव तुटतो हे कळतं मला, तरी टाका.

प्रश्न : स्लो कुकर नाहीये. प्रेशर कुकरमध्ये?

हो, छान होतं. तेच साहित्य, पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून 35 ते 40 मिनिटं, वाफ आपोआप उतरू द्या. किंवा जाड बुडाच्या पातेल्यात घट्ट झाकण लावून मंद आचेवर दोन-अडीच तास, अधूनमधून पाणी बघत. वीज स्लो कुकरला फारशी लागत नाही, 200 ते 250 वॉटचा असेल तर आठ तासांत जेमतेम दोन युनिट, त्यामुळे नुसत्या बिलाच्या भीतीने घ्यायचं टाळत असाल तर टाळू नका.

प्रश्न : उरलेलं दुसऱ्या दिवशी डब्याला?

पोर्क आणि रस्सा वेगळा, नूडल्स वेगळे ठेवा, एकत्र ठेवले की नूडल्स रात्रभरात सगळा रस्सा पिऊन टाकतात. दोन तासांच्या आत उथळ डब्यात फ्रिजमध्ये, तीन-चार दिवस टिकतं, नुसतं पोर्क फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने. गरम करायचं ते गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये, चांगलं वाफाळेपर्यंत, स्लो कुकरमध्ये नाही कारण तो तापायला फार वेळ लावतो. आणि नूडल्स शक्यतो सकाळी ताजेच उकळा, पाच मिनिटांचं तर काम आहे.