केटो, ॲटकिन्स की नुसती भाकरी कमी? सोलापूरच्या ताटाचा हिशेब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय ४४, वजन ८६ किलो, उंची साडेपाच फूट, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.३, रक्तदाबाची एक गोळी चालू, साखरेची गोळी नाही. सोलापुरात बैठं काम. घरी भाकरी-आमटी, रविवारी मटण, श्रावणात आणि एकादशीला मांसाहार बंद. केटो, ॲटकिन्स, साऊथ बीच यातलं काय निवडू? आणि गहू-तांदूळ सोडून नुसती ज्वारी खाल्ली तर तो लो-कार्बच (कमी कर्बोदकांचा आहार) झाला ना?

शेवटचं आधी घेऊ, कारण गाडी तिथंच अडते. नाही, तो लो-कार्ब होत नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदकं आहेत. कणकेत ६४, बाजरीत ६२, पांढऱ्या तांदळात ७८. मंगळवेढ्याची मालदांडी असली तरी ती धान्यच. भाकरीत तंतू तांदळाच्या तिपटीहून जास्त असतात, म्हणून ती भातापेक्षा बरी. पण कर्बोदकांच्या आकड्यात ती चपातीच्याच रांगेत बसते.

यातून एक सोपा आडाखा निघतो: भाकरीला लागलेल्या पिठाच्या वजनाचे दोन-तृतीयांश म्हणजे कर्बोदकं. ६० ग्रॅम पिठाची भाकरी म्हणजे ४० ग्रॅम. तुमच्या घरची भाकरी केवढी, हे एकदा वजनकाट्यावर बघाच. परातीत घेतलेलं पीठ मोजा आणि किती भाकरी झाल्या त्यानं भागा. ८० ग्रॅमच्या भाकरी थापणारी घरं कमी नाहीत, आणि तिथं सगळा हिशेब सव्वापटीच्या वर जातो.

कडक भाकरीचं वेगळं सांगायला हवं. ती हाताला हलकी लागते म्हणून लोक तिला पापडासारखी धरतात. प्रत्यक्षात तिच्यातलं पाणी उडालेलं असतं, त्यामुळे ४० ग्रॅमच्या कडक भाकरीत जवळजवळ तेवढंच पीठ असतं. तेवढ्याच वजनाच्या ताज्या भाकरीत तिसरा हिस्सा तरी पाणी असतं. रश्श्यात चुरून खाल्ली की तीन कधी संपल्या ते कळत नाही, आणि तिथंच ऐंशी ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं पोटात जातात. खायचीच तर चुरण्याआधी मोजून बाजूला काढा.

ॲपवर मोजणार असाल तर एक खाच लक्षात ठेवा. वर दिलेल्या तक्त्यांतल्या आकड्यांतून तंतू आधीच वगळलेले आहेत. अमेरिकन तक्त्यांत ते धरलेले असतात आणि 'नेट कार्ब' काढायला वजा करावे लागतात. भारतीय आकड्यातून पुन्हा तंतू वजा केले तर भाकरी कागदावर उगीच हलकी होते. ॲपमध्ये दोन्ही प्रकारच्या नोंदी मिसळलेल्या असतात.

आता आजचं ताट. सकाळी पोहे (६० ग्रॅम कोरडे) ४६, साखरेचे दोन चहा २५, दुपारी दोन भाकरी ८०, वाटीभर आमटी १५, भात ४०, रात्री पुन्हा दोन भाकरी आणि आमटी ९५. झाले तीनशे. संध्याकाळची भेळ किंवा बिस्किटं यात धरलेलीच नाहीत.

या तीनशेवरून कुठं उतरायचं, एवढाच या सगळ्या आहारांतला खरा फरक आहे.

केटोत दिवसाला २० ते ५० ग्रॅम कर्बोदकं आणि उष्मांकांचे ७० टक्के किंवा जास्त स्निग्धांतून. हा आहार मुळात १९२१ मध्ये अपस्मारावरचा उपचार म्हणून मांडला गेला, वजनासाठी नव्हे. सोलापुरी भाषेत केटो म्हणजे भाकरी शून्य. दुधाचे दोन कप चहा (१०), वाटीभर मटकीची उसळ (१५), भाजी, दही, आणि दिवसाचा कोटा संपला. अर्धी भाकरी म्हणजे २० ग्रॅम, ती घ्यायची तर उसळ सोडा. श्रावणात महिनाभर मटण, अंड्याशिवाय हे पेलायचं म्हणजे दोन वेळा पनीर आणि तुपात परतलेला फ्लॉवर. तिसऱ्या आठवड्याला बहुतेक जण हात टेकतात.

ॲटकिन्स १९७२ पासून गाजतोय. त्याचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा, किमान दोन आठवडे. म्हणजे सुरुवात केटोसारखीच. पुढे दर आठवड्याला दिवसाच्या कोट्यात पाच-पाच ग्रॅम वाढवत वजन कुठं थांबतं ते शोधायचं. पाच ग्रॅम म्हणजे भाकरीचा आठवा भाग. एक पूर्ण भाकरी ताटात परतायला दोन महिने लागतात. वाढवत जाण्याची ही कल्पना मला पटते, कारण तुमची मर्यादा तुम्हालाच सापडते. पण सुरुवातीचा दणका केटोइतकाच आहे.

साऊथ बीच २००३ च्या सुमाराचा, एका हृदयरोगतज्ज्ञानं मांडलेला. दोन आठवडे धान्य आणि फळं बंद, मग सालासकटची धान्यं, डाळी, फळं बेतानं परत. लोणी-तुपापेक्षा तेल, दाणे, मासे यांवर भर. ग्रॅम मोजायची कटकट नाही. आपल्या स्वयंपाकघराला हा सगळ्यात जवळचा, फक्त 'बेतानं' या शब्दात दोन भाकरीही बसवता येतात.

चौथा प्रकार नावाशिवायचा: दिवसाला १०० ते १३० ग्रॅम. साध्या शब्दांत, दिवसाला दीड भाकरी, भात नाही, साखर नाही.

(डॉ. दीक्षितांची दोन वेळा, पंचावन्न मिनिटांत जेवायची पद्धत लोक याच यादीत घालतात. ती वेळेची पद्धत आहे. दोन वेळा जेवून त्यात पाच भाकरी खाल्ल्या तर कर्बोदकं तेवढीच राहतात.)

तुम्हाला मी चौथा प्रकार सुचवेन. स्टॅनफर्डच्या २०१८ च्या प्रयोगात ६०९ जणांना वर्षभर लो-कार्ब किंवा लो-फॅट आहार दिला. वजन सरासरी ६ आणि ५.३ किलो उतरलं, म्हणजे फरक नगण्य. माझ्या लेखी महत्त्वाचं पुढचं आहे. लो-कार्ब गटाला सुरुवात २० ग्रॅमवर करायला सांगितलं होतं, आहारतज्ज्ञ पाठीशी होते, तरी वर्षाअखेरीस ती माणसं साधारण १३० ग्रॅमवर येऊन स्थिरावली. जिथं पोचायचंच आहे तिथूनच सुरुवात केलेली काय वाईट? घरात सगळ्यांचा स्वयंपाक एकत्र होतो, हेही त्यात धरा. तुमच्यासाठी वेगळं शिजवायचं नाही, फक्त वाढायचं वेगळं.

दिवस साधारण असा बसतो. सकाळी तीन अंडी. अंडी नसतील तर ४० ग्रॅम मूगडाळीची दोन धिरडी, पण त्यात २० ग्रॅमच्या वर कर्बोदकं आहेत, तेव्हा त्या दिवशी रात्रीची भाकरी नाही. चहा अर्धा कप, बिनसाखरेचा. गूळही नको, तीही साखरच. दुपारी एक भाकरी, वाटीभर मटकी किंवा आमटी (दोन्ही नव्हे), दही, एक चमचा शेंगा चटणी आणि ताटाचा अर्धा भाग पालेभाजी: मेथी, चाकवत, अंबाडी, करडई. संध्याकाळी ताक आणि मूठभर शेंगदाणे. रात्री अर्धी भाकरी, १५० ग्रॅम चिकन किंवा पनीर, वांगं-दोडका-कोबी यातलं काहीतरी भरपूर. बेरीज ११० च्या आसपास येते.

प्रथिनं ७५ ते ९० ग्रॅम हवीत. श्रावणात ती घसरतात आणि मग भूक लागून माणूस फरसाणाकडे वळतो. १५० ग्रॅम पनीर (२७), ३० ग्रॅम सोयावडी (१५), ६० ग्रॅम कोरडी मटकी किंवा डाळ (१३), दीड भाकरीचं पीठ (९), दही-ताक (८), ४० ग्रॅम शेंगदाणे (१०) असं जुळवलं की ८० गाठतात. मटकी दुप्पट झाली म्हणून कर्बोदकं पंधरानं वाढतात, ती १३० च्या आत बसतात.

एकादशीला मात्र घात होतो. १०० ग्रॅम साबुदाण्यात ८५ ग्रॅमहून जास्त कर्बोदकं, प्रथिनं जवळपास शून्य. खिचडीची एक भरलेली ताटली तुमच्या दिवसाचा निम्म्याहून जास्त कोटा खाते. दाण्याची आमटी, दही, ताक, पनीर आणि थोडी भगर, एवढ्यावर उपवास निभतो. हुरड्याचंही तसंच: कोवळी असली तरी ज्वारीच, आणि सोबत गूळ-रेवड्या येतात.

सगळ्यात जास्त घसरण शेंगा चटणीवर होते. कर्बोदकं कमी म्हणून भाकरीऐवजी चटणी वाट्यांनी खाल्ली जाते. १०० ग्रॅम शेंगदाण्यात ४० ग्रॅम स्निग्ध आणि साडेपाचशेच्या आसपास उष्मांक असतात, वरून तेल वेगळं. भाकरी गेली आणि वजन जागेवर, अशी तक्रार आली की आधी चटणीचं भांडं बघावं.

पहिल्या आठवड्यात दीड-दोन किलो उतरले तर हुरळू नका. स्नायू आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा रिकामा होतो आणि त्यानं धरलेलं पाणी जातं. एका लग्नात जिलेबी खाल्ली की तेच पाणी परत येतं. चरबीचा अंदाज चौथ्या आठवड्यानंतर, आणि काट्यापेक्षा कमरेच्या टेपनं घ्या.

डोकं दुखणं, पायात गोळे, उठल्यावर चक्कर हे बहुतेक वेळा मिठाचं आणि पाण्याचं असतं. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं सोडियम जास्त बाहेर टाकतात. सोलापूरच्या ४२-४३ अंशांत घामानं आणखी जातं. एरवी यावर मीठ घातलेलं ताक किंवा मटणाचं अळणी (बिनतिखटाचं सूप, मीठ घालून) सांगितलं असतं. तुम्हाला रक्तदाबाची गोळी आहे, म्हणून मीठ मनानं वाढवू नका. घरी रोज दाब मोजा. त्यातला वरचा आकडा ११० च्या खाली राहू लागला किंवा चक्कर आली तर गोळीची मात्रा डॉक्टरांकडून कमी करून घ्यावी लागते, आणि वजन उतरताना हे बऱ्याच जणांना लागतं. सुरुवात एप्रिल-मेमध्ये नको, दिवाळीनंतर करा.

इतर वाचकांसाठी: इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड चालू असेल तर भाकरी कमी करायच्या दिवसाआधी डॉक्टरांना भेटा, नाहीतर साखर धोकादायक खाली जाते. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांनी केटो करूच नये, त्यात साखर फार न वाढताही रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. गरोदरपण, मूत्रपिंडाचा आजार, टाइप १ मधुमेह असेल तरीही स्वतःच्या मनानं नको.

सुरू करण्याआधी एचबीए१सी, क्रिएटिनिन आणि लिपिड प्रोफाइल करून घ्या, तेच बारा आठवड्यांनी पुन्हा. एचबीए१सी त्याआधी करण्यात अर्थ नाही, ती तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण चार महिने जगतात. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) बरंच वाढलेलं दिसलं तर तूप-मटणाच्या जागी शेंगदाणे, करडईचं तेल, मासे आणा, कर्बोदकं वाढवायची गरज नाही.

आणि दीड भाकरीच का, सव्वा किंवा दोन का नको, हे ग्लुकोमीटरला विचारा. दुपारी एक भाकरी ठरलेल्या भाजीसोबत खा, पहिल्या घासापासून दोन तासांनी मोजा. दुसऱ्या दिवशी तीच भाजी, दीड भाकरी, पुन्हा मोजा. १४० च्या आत राहतं तोवर ती भाकरी तुम्हाला चालते. तिसऱ्या दिवशी तीच एक भाकरी खाऊन पंधरा मिनिटं चाला आणि आकडा बघा.