शरीराचं कायझेन: आधी ओझं उतरवा

प्रश्न: मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीला आहे. वय ३८. दिवसाआड शिफ्टमध्ये चिडचिड होते, रविवारी दहा तास झोपूनही अंग जड राहतं. कामावर कायझेन, म्हणजे थोडी थोडी पण सतत सुधारणा, करतो तसंच स्वतःवर करायचं ठरवलं. पहाटे पाचला उठणं, दहा हजार पावलं, ४० मिनिटं जिम, साखर बंद आणि रोज डायरी. तिसऱ्या आठवड्यात सगळं बंद पडलं. कुठे चुकलं?
– एक वाचक, चाकण

उत्तर: यादीतली एकेक गोष्ट चांगली आहे, पण पाचही तुम्ही एकदमच सुरू केल्यात. लाइनवर टूल, कूलंट आणि फीड एकाच दिवशी बदललं आणि रिजेक्शन वाढलं, तर कारण कशात शोधाल?

त्याहून मोठी चूक वेगळी आहे. टोयोटाच्या पद्धतीत मुदा, मुरा आणि मुरी असे तीन शत्रू मानतात: वाया जाणं, चढउतार आणि झेपेल त्याहून जास्त भार. तुम्ही मुदा शोधायला निघालात आणि झोपेलाच कात्री लावलीत. मशीन मेंटेनन्सला थांबलं तर तो वेळ तुम्ही वाया गेला म्हणत नाही ना? सेकंड शिफ्ट करून रात्री बाराला घरी येणाऱ्याने पाचला उठणं म्हणजे निव्वळ मुरी. थकलेल्या माणसाने सुरुवात मुरीपासूनच करावी.

तुमचा थकवा बर्नआउटचाही असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामावरच्या दीर्घ, न आवरलेल्या ताणातून येणारी ती अवस्था आहे: शक्ती संपणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. त्यामुळे उपायाचा मोठा वाटा जिममध्ये सापडणार नाही.

पहिले दोन आठवडे काहीही बदलू नका. फक्त चार नोंदी ठेवा: शिफ्ट, झोपल्या-उठल्याची वेळ, चहाचे कप, संध्याकाळचा थकवा ० ते १०. मग 'का' विचारा. व्यायाम का बुडाला? उठवलं नाही. का? झोप साडेतीन तास झाली. का? दीड वाजेपर्यंत मोबाइल हातात होता. का? शिफ्टच्या ग्रुपवर रिजेक्शनचे मेसेज येत होते. का? हँडओव्हर तोंडीच झाला होता, म्हणून पुढची शिफ्ट तुम्हालाच विचारत होती. इथे उपाय अलार्मचा राहतच नाही. शिफ्ट संपण्याआधी १० मिनिटं लेखी हँडओव्हर द्या आणि ग्रुप म्यूट करा. 'मी आळशी आहे' या उत्तरावर बरेच जण थांबतात. माणसावर येऊन थांबलात, तर अजून एक 'का' शिल्लक आहे असं समजा.

पुढचे दोन आठवडे बदल एकच: सात तास झोप. सेकंड शिफ्टला एकला झोपलात, तर आठला उठा. संध्याकाळी सहानंतर चहा नको. कॅफिनचा साधारण निम्मा भाग पाच तासांनंतरही अंगात असतो. हे बसलं की मगच व्यायाम. उठल्यावर १० मिनिटं भरभर चालणं आणि आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून ८ उठबशा, भिंतीला हात टेकून ८ जोर. सातपैकी पाच दिवस जमलं असे दोन आठवडे गेले, की चालण्यात ५ मिनिटं वाढवा. नाही जमलं तर मुक्काम तिथेच. रोज २२ मिनिटांपर्यंत पोचलात की आठवड्याची १५० मिनिटं भरतात. प्रौढांसाठी शिफारस किमान तेवढीच आहे.

लाइनवर अँडॉनची दोरी असते, गडबड दिसली की ओढून काम थांबवायची, तशी तुमचीही आधीच ठरवून ठेवा. सलग दोन रात्री झोप पाच तासांखाली गेली तर त्या दिवशी व्यायाम नाही, आणि डायरीत तो दिवस नापास म्हणून लिहायचा नाही. चालताना छातीत दुखलं किंवा धाप लागली, तर लगेच डॉक्टर गाठा. पुरेशा झोपेनंतरही थकवा राहत असेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर तपासून घ्या. घोरत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. दोन आठवडे मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल किंवा कधीही जगणं नकोसं वाटलं, तर १४४१६ वर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. सेवा मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीतून बोलता येतं.

प्रश्न: मी रोज वजन करते. वाढलं की जेवण कमी करते, उतरलं की सैल सोडते. दोन महिने झाले, फरक नाही.
– एक वाचक, नाशिक

उत्तर: मीठ, पाणी, पोट साफ होणं, पाळी यांमुळे वजन किलोभर सहज हलतं. अशा नैसर्गिक चढउताराला रोज प्रतिसाद देत राहिलं की डोलणं उलट वाढतं, हे गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग कारखान्यांना आवर्जून सांगत. सकाळी शौचानंतर, चहाआधी, त्याच काट्यावर वजन करा. निर्णय रोजच्या आकड्यावर न घेता सात दिवसांच्या सरासरीवर घ्या, आणि जेवणातला बदल तीन-चार आठवडे तसाच ठेवा. पाळीच्या आठवड्यातली सरासरी मात्र मागच्या पाळीच्या आठवड्याशीच ताडून पाहा.