‘चारातून एक झाला, आता येणारं तं चांगलंच ना?’

गडचिरोली-चंद्रपूरकडच्या सिकलसेल (आईबापाकडून लेकरांत येणारा रक्ताचा आजार) समुपदेशनात हा प्रश्न सारखा येतो. धानोरा तालुक्यातल्या एका जोडप्यानंही तोच विचारला. दोघंही वाहक, म्हणजे एएस: आजाराचा एक जनुक अंगात, पण आजार नाही. थोरली पोरगी ठणठणीत, धाकटा एसएस, म्हणजे दोन्ही जनुक आजाराचे, पीडित, आणि आता तिसऱ्या खेपेचा नववा आठवडा. नवरा म्हणाला, “डॉक्टरनं चारातून एक सांगतलं होतं. तो झाला. आता येणारं तं चांगलंच ना?”

तसं नसतं. चारातून एक ही एसएस होण्याची शक्यता, तो घरच्या लेकरांचा कोटा नव्हे. दर गरोदरपणी हिशेब नव्यानं सुरू होतो. तोंडी सांगून हे पटत नाही, म्हणून दोन वाट्या मांडाव्या, एक आईची, एक बापाची. प्रत्येकीत चवळीचा एक लाल, एक पांढरा दाणा. लाल म्हणजे आजाराचा जनुक, पांढरा म्हणजे चांगला. दाणे एकाच मापाचे हवेत, नाहीतर बोटांना फरक कळतो. डोळे मिटून दोन्हींतून एकेक काढायचा. दोन्ही लाल म्हणजे एसएस, एक लाल म्हणजे वाहक, दोन्ही पांढरे म्हणजे एए, ना पीडित ना वाहक. मग दाणे परत वाटीत. नेमकं इथंच चुकतं: लोक लाल दाणे बाजूला ठेवून देतात, जणू ते संपले. या नवऱ्यानं दाणे परत टाकले, आणि लागोपाठ दोनदा लाल-लाल आलं. तेव्हा कुठे त्याला पटलं.

सासूबाई सुनेला बोल लावत होत्या. त्यांनाही वाट्याच दाखवल्या. दोन्हींतून लाल आल्याशिवाय एसएस होतच नाही. बाईवरचा हा आळ प्रत्येक भेटीत खोडलाच पाहिजे, न विचारताही.

आकडा दोन्ही बाजूंनी सांगावा: २५ टक्के पीडित, ७५ टक्के पीडित नाही. एकच बाजू सांगितली की माणूस घाबरून तरी जातो, नाहीतर निर्धास्त होतो.

थोरलीची तपासणीच झाली नव्हती, “चांगली तं आहे” म्हणून. पण ती एसएस नसेल, तर उरलेल्या तीन शक्यतांपैकी दोन वाहकाच्या. म्हणजे ती वाहक असण्याची शक्यता तीनात दोन. सोल्युबिलिटी ही रक्ताची साधी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी एएस की एसएस ते कळत नाही. त्यासाठी एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी रक्ताची तपासणी लागते.

पोटातल्या बाळासाठी वारेचा (प्लॅसेंटाचा) नमुना साधारण १० ते १३ आठवड्यांत घेतात, म्हणून त्या तपासणीची चिठ्ठी त्याच दिवशी दिली. तपासणी करायची की नाही, ते त्या दोघांनी ठरवायचं. केली नाही, तर जन्मानंतर एचपीएलसीच मागावी. पहिल्या सहा महिन्यांत बाळाच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन बरंच असतं, त्यामुळे पीडित बाळाचीही सोल्युबिलिटी निगेटिव्ह येऊ शकते.